हातांचा वास

"हात पुढे कर," बाई म्हणाल्या.

मी केले. भाईंदरच्या सूतिकागृहात, बाळंतिणींच्या देखत. सूतिकागृह चालवणाऱ्या बाईंनी वाकून माझे तळवे हुंगले. आधी उजवा, मग डावा. नाक मुरडलं. "पुन्हा धू."

कोळ्याची पोर ना मी. उत्तनची. माझ्यासोबत शिकणाऱ्या दोघींचे हात कुणी कधी हुंगले नाहीत. इथे राहायला आल्यापासून मी मासळीला शिवलेही नव्हते. कार्बोलिक साबणाने घासून घासून बोटांना चिरा पडल्या होत्या. तरी वास यायचा. फक्त बाईंना.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मला सुईणीचा सरकारी दाखला हवा होता. माझी आई धाकट्याच्या बाळंतपणात गेली, तेव्हा दाखलेवाली सुईण कोळीवाड्यात यायला तयार झाली नव्हती. परीक्षेला बसायचं तर बाईंची शिफारस लागे. आणि शिकवलं बाईंनीच, ते कसं नाकारू? पोटावर हात ठेवून मूल आडवं की सरळ, हे त्यांनीच दाखवलं. पाहुण्यांना मात्र त्या सांगायच्या, "हिला मी माणसात आणलं." मी मान खाली घालून हसायचे. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

मग एकदा उत्तनशेजारच्या डोंगरीची एक कोळीण आली. बोंबील वाळत घालताना कळा सुरू झाल्या, तशीच बैलगाडीत घालून आणलेली. मी हात धुऊन तिच्याजवळ गेले. मागून बाई म्हणाल्या, "हात पुढे कर."

माझे हात हुंगले जाताना तिने पाहिलं. आणि आपले दोन्ही हात चादरीखाली लपवले. कळ येत होती, तरी खाटेची कड धरेना. मला म्हणाली, "माज्या हातांना वास हाय गो. तू नको धरू."

माझं डोकंच फिरलं.

"पुन्हा धू," बाई म्हणाल्या.

"माझे हात स्वच्छ आहेत. यापुढे हुंगू देणार नाही."

मी तिचे हात बाहेर काढून खाटेच्या कडेवर ठेवले. मग स्वतःहून माझे पुन्हा धुतले, कारण ते माझं काम होतं. तिला मुलगी झाली.

बाईंनी शिफारस अडवली. मला गावातून इथे आणणारे म्हातारे डॉक्टर समजवायला आले. भला माणूस. म्हणाले, "माफी माग. वर्ष फुकट जाईल. अगं, वासच तर घेत होत्या."

बाईंपेक्षा त्यांचं बोलणं जास्त लागलं. इतके दिवस इथे येता-जाता पाहत होते, आणि त्यांना एवढंच दिसलं.

"मी माफी मागणार न्हाय," मी म्हटलं. इथे आल्यावर बंद केलेलं माझं बोलणं आपसूक तोंडात आलं.

पेटी भरली. वर्ष गेलं तर गेलं. मुंबईत दुसरं इस्पितळ गाठीन, पहिल्यापासून मोऱ्या घाशीन, परीक्षेला बसेन. दाखला मी घेणारच. आणि तो घेऊन आधी कोळीवाड्यात जाईन, जिथे माझ्या आईसाठी कुणी आलं नाही.