हस्तक्षेपाच्या बाजूने पाच मिनिटं

मी तेलगावजवळच्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो आणि गेली वीस वर्षं पोरांना वादविवाद स्पर्धेची भाषणं लिहून देतो. आमच्याकडे वादविवाद असाच होतो. चिठ्ठी काढायची, अनुकूल की प्रतिकूल ते बघायचं, सरांनी लिहायचं, पोराने पाठ करायचं, आणि बक्षीस मिळालं की फोटोत सरांनी मधोमध उभं राहायचं. यात मत कुणाचंच नसतं.

त्या वर्षी विषय आला, 'दुसऱ्या देशाच्या यादवी युद्धात परकीय फौजांनी हस्तक्षेप करावा का?' एका देशात तेव्हा खरंच माणसं आपसात लढत होती आणि बाहेरच्यांनी विमानं पाठवावीत की नाही यावर टीव्हीवर भांडणं चालली होती. देशाचं नाव लिहीत नाही, कारण मला ते तेव्हाही धड उच्चारता येत नव्हतं. आमची चिठ्ठी अनुकूल निघाली. म्हणजे फौजा पाठवायच्या. मी त्याच दुपारी पाठवल्या.

स्टाफरूममध्ये दोन कप चहात मी एक हुकूमशहा खाली ओढला आणि तीन शहरं मुक्त केली. एका वाक्यावर तर स्वतःच फिदा झालो, 'काही निरपराध जीव जातील, पण इतिहास त्यांना विसरणार नाही!' ते मी गणिताच्या सरांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ते मध्येच उठून गेले. उचलली जीभ, लावली टाळ्याला, एवढाच तो प्रकार होता. पण जीभ माझी असल्यामुळे मला ते चिंतन वाटलं.

भाषण दिलं नववीतल्या एका मुलीला. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण सरावात ती नेमकी माझ्या त्या लाडक्या वाक्याशी अडखळायची. मी वैतागलो. "अगं, हात वर कर! फौजा पाठवायच्यात, हळदी-कुंकवाचं बोलावणं न्हाई!" वर्ग हसला. मीही हसलो.

मग तिने हळूच विचारलं, "सर, तिथं बाहेरून कामाला गेलेली माणसं असतेत. त्यांचं काय?"

प्रश्न चांगला होता, म्हणूनच मला राग आला. "तो प्रतिकूलवाल्यांचा मुद्दा हाय," मी म्हणालो, "आपण कशाला सांगायचा?"

तिने पुन्हा विचारलं नाही. स्पर्धा सिरसाळ्याला होती. तिथे ती एकदाही अडखळली नाही, त्या वाक्याला हातही वर गेला, टाळ्या पडल्या आणि पहिलं बक्षीस आमचं झालं. मी ढाल घेऊन मधोमध उभा राहिलो. फोटो संपल्यावर मुलीसोबत आलेली तिची आई पुढे आली.

"सर, भाषण तुमीच लिव्हलं म्हनं?"

"थोडंफार," मी म्हणालो. शब्द न् शब्द माझा होता.

"मंग तुमाला ठावं असंल. ती इमानं बाँब नेमकं कुठं टाकतेत? माजा थोरला तिथंच हाय, वेल्डिंगच्या कामाला. नऊ दिस झाले, फोन लागंना. ही घरी रोज मोठ्यानं पाठ करायची, मी भाकरी थापता थापता ऐकायची. म्हनलं, सरालाच इचारावं."

माझ्या हातात ढाल होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

"मला न्हाई माहीत," मी म्हणालो.

"न्हाई माहीत?" ती रागावली नव्हती. शिकलेल्या माणसाला हेही ठाऊक नसावं याचं तिला खरोखर नवल वाटलं. "मंग येवढं ठाम कसं लिव्हलं?"

मुलगी शेजारीच उभी होती, जमिनीकडे बघत. मी त्या पोरीला तिच्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर बाँब टाकायला लावले होते, आणि वर हात नीट उचलला नाही म्हणून झापलं होतं. मला इतकी लाज वाटली की परतीच्या जीपमध्ये ढाल मी सीटखाली सरकवून दिली.

पुढच्या आठवड्यात फोन लागला. भाऊ जिवंत होता, एका बंदरावर जहाजाची वाट बघत होता. हे मला आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी सांगितलं. मामा रोज सकाळी घंटा द्यायच्या आधी फाटकाशी थांबून त्या मुलीला विचारायचे, लागला का गं फोन. त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मग मामा, मला का न्हाई सांगितलं?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमी लिवत होता, सर," मामा म्हणाले.