एकतीस सह्या आणि माझा भाऊ

चर्चच्या वेदीचं कापड अर्धं इस्त्री करून झालं होतं, तेवढ्यात जिस्लेंचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. सकाळपासून तिसऱ्यांदा. मी उचलला नाही. इस्त्री बंद केली आणि वही घेऊन बसले. त्याच्याबद्दल आज नीट लिहून काढलं नाही, तर कन्फेशनला फादरांपुढे नुसता रागच घेऊन जाईन.

आमचे बाबा चीज करायचे. जिस्लें अभ्यासात हुशार, त्याहून चिवट. सरकारी नोकरीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाला. आधी तालुक्याच्या गावी, पोंतार्लियेच्या कचेरीत, मग पॅरिसला मंत्रालयात, मग बेझांसोंला जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली. आमच्या गावची शाळा बंद करायचा कागद त्याच्या टेबलावर आला, तेव्हा त्याने त्यातली चूक शोधून तो परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पाठवला. असं तीन वर्षं. शाळा अजून भरते. तेव्हापासून गाव त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालायचं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला सहकारी बँकेने बोलावलं.

आई म्हणाली, "सरकारी खुर्ची सोडून बँकेत? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आई, सरकारात वरून हुकूम येतो," तो म्हणाला. "इथे खातेदारच मालक. कारखानदाराला एक मत आणि तुलाही एकच."

आईला ते इतकं आवडलं की तिने शेजारपाजारी चार दिवस तेच सांगितलं. दहा वर्षांत जिस्लें सगळ्या विभागाचा प्रमुख झाला.

आमच्या गावची शाखा म्हणजे एक खोली आणि एक खिडकी. पण तिचं मंडळ गावानेच निवडलेलं. बाबा त्यावर बावीस वर्षं होते, बिनपगारी. खिडकीमागे सोलांज बसते. ती म्हाताऱ्या ओदेत जानरेला सगळं टपाल वाचून दाखवते. ओदेतचे डोळे गेलेत, गाडी नाही, मूलबाळ नाही. मंगळवारी बँकेत जाणं हाच तिचा आठवड्यातला बाहेरचा फेरा.

फेब्रुवारीत एका रविवारी जिस्लें जेवायला आला. धुरावलेलं सॉसेज नि बटाटे दोनदा मागून घेतले. मग पिशवीतून कागद काढले. बँकेच्या सभेला जे खातेदार येत नाहीत, त्यांनी आपलं मत दुसऱ्याकडे सोपवायची ती पत्रं.

"ताई, चर्चमध्ये मिस्सेनंतर तिथल्या तुझ्या बायकांच्या सह्या घेशील? माणसं कमी पडली तर सभाच रद्द होते."

"इथे मत कोण देणार, ते नाव रिकामं आहे."

"राहू दे रिकामं. मी बघतो."

"शाखेचं काही काढताय का तुम्ही? खरं सांग."

तो हसला. "आपली शाखा कुठे पळून जाते? बाबा उठून बसतील कबरीत."

मी चर्चच्या दारात उभी राहून एकतीस सह्या घेतल्या. कोणी वाचलं नाही. "तू म्हणतेस ना, मग झालं," एवढंच म्हणाल्या. ओदेतच्या तर हाताला धरून पेन योग्य जागी टेकवलं मी. भाजीच्या जुडीला बांधून आलेलं हिरवं रबर त्या कागदांना लावलं आणि जिस्लेंला दिले.

काल सभा झाली. अकरा गावांच्या शाखा एक करून पोंतार्लियेला न्यायच्या, असा ठराव विभागाच्या मंडळाने मांडला. म्हणजे आमची खिडकी बंद. हात वर झाले, विरोधातलेच जास्त. मी निवांत बसले. मग अध्यक्ष म्हणाले, "आता पत्रांवरची मतं." टेबलावर गठ्ठे आले. त्यांतल्या एकाला हिरवं रबर होतं.

ठराव एकोणीस मतांनी पास झाला.

मागे चीज आणि पांढरी वाइन मांडली होती. जिस्लें प्लेट घेऊन उभा होता. मी सरळ विचारलं, "त्या बायकांनी कधी सांगितलं तुला, शाखा बंद कर म्हणून?"

"ताई, नाव रिकामं असलं की मत मंडळाच्या ठरावाला जातं. नियम आहे. पत्राच्या तळाशी छापलाय."

"तुला माहीत होतं?"

"नियम मला माहीत नसतील तर कोणाला?"

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने प्लेटकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तू सह्या आणल्या असत्यास?"

मागून गवळी रेमों म्हणाला, "साहेब, मत एकेकच ना? मग तुमच्या बहिणीला एकतीस हात कसे फुटले?" लोक हसले. जिस्लेंही हसला. ते मला सर्वांत जास्त लागलं.

तो खोटं बोलला, असं म्हणायलाही जागा नाही. ज्या चिवटपणाने त्याने शाळा वाचवली, त्याच चिवटपणाने त्याने मला वापरलं. त्याला क्षमा करायची आहे, प्रभू, पण आज नाही जमत. आणि माझ्या शब्दावर सही केलेल्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही. त्यांना हे पेपरात वाचून कळता कामा नये. एकतीस घरं आहेत. फिरायला आठवडा लागेल.

ओदेत दुपारी झोपते, चारला उठते. पावणेचार झालेत. कोट घालते आणि तिच्याकडे जाते, तिची सही कशाला वापरली ते सांगायला.