बायपासकडून पाहिलेलं रान

आमच्या कॉलनीतल्या हळदीकुंकवाला आता वाण म्हणून स्टीलची वाटी मिळत नाही, प्लॉटिंगचं पत्रक मिळतं. गंमत करत नाही. नांदेड जसं चहूबाजूंनी पसरत चाललंय, तशी आमची भिशीही पसरली. कुणी कुठं जागा घेतली, भाव कुठं चढला, कोणत्या एजंटाचा शब्द खरा, हे सगळं आम्ही बायका ओटी भरता भरता एकमेकींना सांगतो. भिशी चालवणाऱ्या काकूंनी तर लातूरला क्लासच्या पोरांसाठी खोल्या बांधल्या आणि तेव्हापासून त्यांची मान जरा जास्तच ताठ आहे. नवरे चौकात चहा पीत राजकारण करतात, सौदे आम्ही करतो.

मी शाळेत शिकवते, जीभ तिखट. म्हणून एजंटाला आडवे प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं. माझा एक ठरलेला प्रश्न असतो: जमीनमालकाच्या बहिणींच्या सह्या झाल्या का? कारण मागाहून एखादी बहीण उभी राहते आणि घेणारा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतो. या प्रश्नावर भल्याभल्या एजंटांची बोबडी वळलेली मी पाहिली आहे आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायची.

गेल्या हिवाळ्यात अर्धापूरकडची एक साइट बघायला आम्ही एजंटाच्या गाडीतून निघालो. माझं माहेर त्याच अंगाला. येताना भावाकडं डोकावू म्हणून भाच्यासाठी बालूशाहीचा डबा पिशवीत टाकला होता. भाऊ धाकटा, मला अक्का म्हणतो. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणजे तोच. दरवर्षी पहिल्या कापणीचा केळीचा घड कुणाच्या तरी हाती नांदेडला पाठवायचा. गेल्या खेपेला घड आला नाही. "करपा पडला, अक्का, लई नुकसान झालं," असं फोनवर म्हणाला. मी उलट त्याचीच समजूत घातली होती.

नव्या बायपासला लागून मोठी कमान, कमानीवर इंग्रजी नाव. आत मुरमाचे रस्ते, चुन्याच्या फक्कीच्या रेषा, रेषांवर रोवलेले दगड. मी सवयीनं पाण्याचं विचारलं, तर एजंट मोठ्या तोऱ्यात आम्हाला कोपऱ्यात घेऊन गेला.

"जुनी विहीर हाय, म्याडम. उन्हाळ्यात बी आटत न्हाई."

विहिरीच्या काठाला रामफळाचं झाड होतं आणि वरची पायरी तुटकी होती. त्याच पायरीवरून पडून लहानपणी माझं कपाळ फुटलं होतं. माझा हात आपोआप कपाळावरच्या खुणेकडं गेला. जन्मभर हे रान मी गावाकडून, पाणंदीनं चालत येऊन पाहिलेलं. बायपासकडून, केळीशिवाय, ते मला ओळखूच आलं नव्हतं. आमचं रान! पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या अनुभवलं.

आधी राग आला. विकायला काढलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही? मग वाटलं, असेल काही अडचण, संसारी माणूस आहे. काकूंनी कोपरानं ढोसलं. "अहो, विचारा की तुमचा तो प्रश्न." मी त्या तुटक्या पायरीकडंच बघत राहिले, म्हणून त्यांनीच विचारलं, "बहिणींच्या सह्या झाल्या का हो?"

एजंट हसला. "बहीणच न्हाई तर सही कोणाची घ्यावं, काकू? एकच वारस हाय. तशी नोंद बी झालेली हाय. बिनघोर घ्या."

मला जमीन नको होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. भाऊ कागद घेऊन आला असता तर चहाला उकळी फुटायच्या आत सही करून दिली असती. माहेर तुटू नये म्हणून आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. पण त्यानं सही मागितलीच नाही. मी जन्मालाच आले नाही, असं सांगून मोकळा झाला. ज्याला मी कडेवर घेऊन याच बांधावर फिरवलं, त्यानं!

"हे बघा, मालकच आले," एजंट म्हणाला.

मोटारसायकलवरून भाऊ उतरला. गिऱ्हाइकांना वाटायला त्यानं केळी आणली होती, बाजारातून विकत घेतलेली. पलीकडच्या टोकापासून तो एकेकीच्या हातात केळी देत येऊ लागला. त्याची मान खालीच होती.

"दादा, सांगा बरं ह्या बायांना," एजंट ओरडला, "बहीण-बिहीण हाय का कोणी तुम्हाला?"

"न्हाई," तो मान वर न करताच म्हणाला. "कोणी न्हाई. एकटाच हाव मी."

आणि माझ्यापुढं आला. त्यानं वर पाहिलं. तोंडावरचं सगळं रक्त उतरलं. मला वाटलं, आता अक्का म्हणेल. एवढं जरी म्हणाला असता तरी मी सगळं पोटात घातलं असतं. त्यानं एकदा एजंटाकडं पाहिलं, एकदा केळीकडं.

"घ्या, म्याडम," तो म्हणाला.

ज्या जिभेचा मला एवढा ताठा, तिच्यावर एकच शब्द आला. मी केळं घेतलं आणि "धन्यवाद" म्हणाले. सख्ख्या भावाला असलं काही म्हणायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली.

परत निघताना काकूंना आठवलं. "तुमचं माहेर इकडंच ना कुठं? गाडी थांबवू का? येता का जाऊन?"

"राहू द्या," मी म्हणाले. "तिथं आता कोणी न्हाई."

आणि बालूशाहीचा डबा उघडून सगळ्यांपुढं धरला.