कोपऱ्यातलं नाव

सोलापुरात कुणाच्या घरी नवी चादर आली, की बघणारा आधी नक्षी बघत नाही, रंग बघत नाही. कोपरा उलटून बघतो. कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं असतं. नाव बरं निघालं की मान डोलते, मग बाकीचं. मीही तशीच आहे. कुठलीही गोष्ट समोर आली, की ती कुणाच्या नावावर आहे ते आधी बघते.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, जन्मभर चादरींच्या नक्ष्या काढत आले. आलेखाच्या कागदावर बारीक चौकोन रंगवायचे आणि त्यावरून मागावर चादर विणली जायची. मोर, कमळं, वेली. शेवटी कोपऱ्यात मालकाचं नाव. तेही अप्पाच एकेक चौकोन भरून काढायचे. काम सुटल्यावर ते कागद एका लोखंडी पेटीत गेले आणि पेटी माळ्यावर गेली. मी इंजिनिअर झाले, पुण्यातल्या कंपनीचं काम जुळे सोलापुरातल्या घरी बसून करते, आणि भेटेल त्याला सांगत आले, की एक दिवस अप्पांच्या सगळ्या नक्ष्या मी कॉम्प्युटरवर आणणार. सांगण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

त्या रविवारी माहेरी गेले तर पेटी माळ्यावरून खाली, कागद पलंगभर, आणि अप्पांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन माझी भावजय. धाकट्या भावाची बायको. माहेर अक्कलकोटकडचं, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. तिला प्रोग्रॅम लिहायला मीच शिकवलं, हे इथे सांगून ठेवते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

"बा अव्वा, कुंद्र," अप्पा म्हणाले. ये बाई, बस. मी पुढे झाले. तर ते तिला म्हणत होते, ती उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती.

हे आणखी एक. अप्पा मूळचे वळसंगचे, त्यांची आतली भाषा कानडी. आम्हा भावंडांना मराठी शाळेत घातलं आणि आमची कानडी 'ये, जा, जेव' एवढ्यावरच राहिली. ही मात्र कानडी बोलणाऱ्या घरातली, आल्या दिवसापासून त्यांच्याशी घडाघडा बोलते. दोघं हसतात, आणि मी विचारलं की अप्पा म्हणतात, "काय न्हाय गं, असंच." अंगाची लाही होते माझ्या!

तिने कागदांचे फोटो काढून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फोटोतले चौकोन ओळखायचा आणि पडद्यावर अख्खी चादर उभी करायचा. चांगला होता. चांगला होता म्हणूनच तर पोटात दुखलं. आता ते सगळं ती एका साइटवर ठेवणार होती, जिथे जगभरचे लोक आपापले कोड ठेवतात. माझं तिथे कितीतरी वर्षांचं खातं आहे. हिने खातं नुकतंच उघडलेलं, आणि नवा प्रोजेक्ट काढायचं पान समोर. अप्पा चष्मा लावून एकेक रकाना विचारत होते. हे काय? नाव. 'अप्पांची चादर.' हे? सगळ्यांना दिसू द्यायचं की आपल्यापुरतं. "दिसू दे की," अप्पा म्हणाले. माझ्या एवढ्या नोकरीत त्यांनी मला कधी एक रकाना विचारला नाही.

"ते रीडमीचं पान आत्ताच लिहायचं का ताई?" तिने मला विचारलं. रीडमी म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणारं पान. "नंतर लिही गं, कोण वाचतंय," मी म्हणाले. माझं लक्ष वरच्या पत्त्याकडे होतं. त्या साइटवर पत्त्यात आधी खातेदाराचं नाव येतं, मग तिरकी रेघ, मग प्रोजेक्टचं नाव. म्हणजे चादर अप्पांची, आणि कोपऱ्यात ही!

मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि फोनवर माझ्या खात्यात त्याच नावाचा प्रोजेक्ट काढून मोकळी झाले. खातं वेगळं असलं की नाव तेच चालतं. आत काही नव्हतं, नुसतं कोरं पान. पण कोपऱ्यात मी होते. चहा उतू गेला.

मी बाहेर आले तोवर तिच्या खात्यात प्रोजेक्ट निघालाही होता. मी मोठेपणाने म्हणाले, "तुझं खातं नवं आहे, कुणी बघणार नाही. माझ्या नावावर करून टाक, चार लोक तरी बघतील."

ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "करते की ताई. कुणाचं का असंना." आणि लगेच करायला बसली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण साइट ऐकेना. तुम्ही देताय त्या खात्यात याच नावाचा प्रोजेक्ट आधीच आहे, म्हणाली. भावजयीने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही कधी काढला हो?"

"असाच. मागे," मी म्हणाले. माझ्या कोऱ्या प्रोजेक्टच्या पानावर तर 'आत्ताच' असं लिहून आलं होतं. तो काढून टाकायचा तर साइट पूर्ण नाव टाइप करून मागते, चुकून कुणी पुसू नये म्हणून. तिच्यासमोर, अप्पांसमोर, मी माझ्याच रिकाम्या चादरीचं नाव एकेक अक्षर दाबत बसले. ती खिडकीबाहेर बघत राहिली, माझी लाज राखायला. त्याचाही राग आला.

शेवटी झालं. प्रोजेक्ट माझ्याकडे आला. मी लॅपटॉप अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी सवयीने आधी वरचा कोपरा बघितला, बोट लावून माझं नाव वाचलं आणि मान डोलावली. माझा ऊर भरून आला. मग ते सहज, हसत म्हणाले, "लई झ्याक. पर ह्यात बी मी कुटंच न्हाय व्हय?"

इतका वेळ तिचं की माझं एवढंच चाललं होतं माझ्या डोक्यात.

"हाय की मामा," भावजय म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिने पान खाली सरकवलं. रीडमी लिहिलेलं होतं, माझा चहा उतू जात होता तेव्हा. पहिल्याच ओळीत 'नक्षी', आणि पुढे अप्पांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गाव वळसंग. खाली स्वतःचं नाव तिने कुठेच घातलं नव्हतं.

अप्पा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग कानडीत तिला काहीतरी म्हणाले. तिने डोळ्यांना पदर लावला. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाय गं," अप्पा म्हणाले, "असंच."

ती ओळ माझ्या हातून लिहून झाली असती, तर मी कोपरा कुणालाही देऊन टाकला असता. आता कोपरा तेवढा माझा आहे.