शिंपल्यांना भोकं पाडणारा दादा

सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा मी पोहे भिजवत होते. दादाच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, त्यांचा आवाज होता. "दीदी, आप जल्दी आ जाओ," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला... त्यांच्या आवाजावरूनच मला काय ते कळलं. चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरून दादाची समता कॉलोनी म्हणजे माझ्या पायांनी पंधरा मिनिटांचा रस्ता. त्या दिवशी ई-रिक्षातून गेले तरी तो संपता संपेना. जिना चढून वर गेले तर दादा खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्चीत बसलेला, चष्मा नाकावरून घसरलेला, उजव्या मुठीत त्याचं ते हाताने फिरवायचं छोटं ड्रिल. समोर वहिनी. नऊ वर्षांपूर्वी लकव्याने तिची उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर, एक शब्द सोडला तर, वाचाही. तिला उठून दारापर्यंत जाता येत नव्हतं, फोन करता येत नव्हता, खालपर्यंत पोहोचेल अशी हाकही मारता येत नव्हती. तिने टेबलावरची स्टीलची थाळी डाव्या हाताने ओढली आणि खालून कोणी येईपर्यंत ती फरशीवर आपटत राहिली. मी पोहोचले तेव्हा फरशीवर पाणी सांडलेलं होतं, त्यात शिंपले पसरले होते आणि थाळी अजून तिच्याच हातात होती. मी आणि घरमालकीणबाई मिळून सोडवायला गेलो तरी ती सोडेना. डॉक्टर म्हणाले, हृदय एकाएकी बंद पडलं, त्रास झाला नसेल. दादाला नसेल झाला. पण ती थाळी किती वेळ वाजत होती हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मी गेले सात आठवडे तोच हिशेब मनात करत असते.

आमचे बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून रायपूरला आले आणि इथलेच झाले. दादा, म्हणजे मनोहर, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो सिलतऱ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथेच निवृत्त झाला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत काळा असायचा. नळाखाली बसून आधी अर्धा तास हात घासणार, मग बोलणार. फार बोलणारा नव्हताच. यंत्राचा आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेली ते सांगायचा, पण माणसाच्या आवाजातलं काही त्याला लवकर कळायचं नाही, असं मी तेव्हा म्हणत असे.

कुंदावहिनी याच्या अगदी उलट. लग्नानंतर दोघं पुरीला गेले होते, तिथून ती रुमालात बांधून शिंपले घेऊन आली. तिने त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. त्या शिंपल्यांची तिने आधी एक साधी माळ केली, मग तिला नादच लागला. कोणी पुरीला गेलं की तिच्यासाठी शिंपले आणायचं, पण नुसते शिंपले तिला पुरत नसत. घड्याळजीकडून जुन्या घड्याळांची पितळी चाकं आणायची, भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जुन्या कोटाची बटणं वेचायची. दिवाळीनंतर राऊत, म्हणजे इथल्या गुराखी लोकांचा नाच संपला की त्यांच्या फाटक्या जाकिटांवरून सुटलेल्या कवड्या ती मागून घ्यायची. आमच्या आजीकडे मधोमध भोक असलेले जुने पैसे होते, तेही तिने मागितले. मग एका गळ्यातल्यात शिंपला, शेजारी कवडी, तिच्याखाली भोकाचा पैसा... दुसऱ्या कोणी केलं असतं तर अडगळ दिसली असती. तिच्या हातून ते असं जुळायचं की जणू या वस्तू आधीपासून एकमेकींच्या ओळखीच्या होत्या. शेजारपाजारच्या पोट्ट्यांच्या कानात तिची कानातली दिसत, बारशाला, साक्षगंधाला ती हीच भेट देत असे.

दादाला ते आवडत नसे. दोन खोल्यांचं घर, त्यात पलंगाखाली डबे, कपाटावर डबे. एकदा कारखान्यात काहीतरी बिनसलं होतं, घरी आला आणि अंधारात एका डब्याला पाय लागून पडला. उठला आणि तो डबा उचलून त्याने गच्चीवरून मागच्या नाल्यात रिकामा केला. बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा होता, त्यात वहिनीचे पंधरा वर्षांचे निवडक शिंपले होते. मी त्या वेळी तिथेच बसले होते. मी काही बोलले नाही, हेही मला लिहायला पाहिजे. वहिनी पण भांडली नाही. तिने रिकामा डबा धुतला, पुसला आणि त्यात पीठ भरून ठेवलं. त्यानंतर दोन वर्षं तिने हातात सुई-दोरा घेतला नाही. आणि मग तिला लकवा झाला.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, "हव". छत्तीसगढीतला होकार. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळेच तो बोलतात, तिच्या तोंडात तो कसा अडकून राहिला कोण जाणे. भूक लागली तरी हव, नको असलं तरी हव, रागावली तरी हवच. आम्ही गोंधळायचो. दादा मात्र त्या एका शब्दाच्या चढउतारावरून ओळखायचा. पाणी पाहिजे, कूस बदलायची आहे, खिडकी लावा... त्याचं कधी चुकलं नाही. माणसाच्या आवाजातलं त्याला कळत नाही हे माझं म्हणणं मी तेव्हा मागे घेतलं.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, यांचे हात कशात तरी गुंतवा, आवडीचं काही असेल तर बघा. आठ दिवसांनी दादा मला फोन करून म्हणाला, तू चार दिवस कुंदाजवळ राहा, मी पुरीला जाऊन येतो. इतक्या वर्षांत तो एकटा कधी कुठे गेला नव्हता. निघताना जिन्यात थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मले वाटे तो कचरा आहे, शोभा. तिच्याजवळ स्वतःचं तेवढंच होतं, हे मले समजलंच नाही."

परत आला तो तांदळाचं जुनं पोतं अर्धं भरून, खांद्यावर टाकून. दोन सकाळी किनाऱ्यावर वाकून वाकून त्याने जे सापडेल ते भरलं होतं. त्यातले निम्मे शिंपले जिवंत होते, म्हणजे आतले किडे तोपर्यंत मेले होते. दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की घरमालक वर येऊन विचारू लागले, भैया, कहीं चूहा मरा है क्या. दादा पोतं घेऊन ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतोय, कुठे ठेवू सुचत नाही, आणि पलंगावरून आवाज आला. आधी आम्हाला वाटलं तिला ठसका लागला. ती हसत होती. वाकडं झालेलं तोंड तसंच, डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना. आजारानंतर पाच महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली. दादा पोतं खाली ठेवून तिच्या पायाशी बसला आणि मग तोही हसायला लागला. ते शिंपले त्याने कुंड्यांमधल्या मातीत पुरले, महिन्याभराने स्वच्छ होऊन निघाले.

तिथून पुढची नऊ वर्षं ते दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसत. वहिनी डाव्या हाताने वस्तू निवडायची, शेजारी शेजारी मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. भोकं पाडणं, तारा वळवणं, ओवणं दादाचं. शिंपल्याची पूड छातीत जाऊ नये म्हणून थाळीतल्या पाण्याखाली धरून तो ड्रिल फिरवायचा. लोखंडाचे जाड पाइप कापलेल्या त्या बोटांत करंगळीच्या नखाएवढा शिंपला असायचा. सुरुवातीला दहातले सात फुटत. वहिनी "हव" म्हणायची, म्हणजे चिडायची, आणि तो म्हणायचा, बरं बाई, दुसरा दे. मी संध्याकाळी चहाला जायचे तेव्हा हे रोजचंच होतं. मी बसायचे, गप्पा मारायचे, कप धुवून निघायचे.

एका हिवाळ्यात हस्तकलेच्या मेळ्यात त्यांना एक टेबल मिळालं. मी सोबत होते. एका बाईंनी कवड्यांचं आणि जुन्या चांदीच्या घुंगरांचं गळ्यातलं हातात घेतलं आणि विचारलं, हे कोणी केलं. दादा उभा राहिला, कारखान्यात साहेबांसमोर राहायचा तसा, आणि म्हणाला, "इन्होंने बनाया है, मैडम. मैं तो बस छेद करता हूँ." वहिनीने टेबलावर हात आपटला. मान जोरजोरात हलवून हव हव म्हणत तिने त्याचा पंजा धरला आणि वर उचलून त्या बाईंना दाखवला. दादा इतका लाजला की नंतर बराच वेळ आमच्याकडे पाठ करून डबे आवरत बसला.

शेवटचं भेटणं काही खास नव्हतं. आदल्याच दिवशी गेले होते. त्याने मला गुडघे कसे आहेत विचारलं, मी मिरच्या फार महाग झाल्या म्हटलं. एवढंच... काही ठरवून बोलायचं असतं तर काय बोललो असतो, तेही मला माहीत नाही.

अमित, त्यांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादहून त्याच संध्याकाळी आला. मराठी त्याला सगळी कळते, बोलतो मात्र हिंदीत. दादाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि तो मला म्हणाला की मम्मीला इथे एकटं ठेवता येणार नाही, मी घेऊन जातो. खरं होतं ते. मी म्हणाले, माझ्याकडे राहू दे. पण माझे गुडघे असे, घर पहिल्या माळ्यावर, तिला उचलायचं झालं तर मी एकटी... मी एकदाच म्हणाले, आग्रह केला नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं होतं. ते बघणं मला आठवतं.

अमितने दोन सुटकेसा भरल्या. आईच्या साड्या, औषधं, फोटो. तो गाडीची चौकशी करायला खाली गेला तेवढ्यात वहिनीने एक सुटकेस उघडली आणि डाव्या हाताने एकेक साडी काढून पलंगावर ठेवायला लागली. मी थांबवलं नाही. सुटकेस रिकामी झाल्यावर तिने टेबलाकडे बोट दाखवलं. मी डबे आणून दिले, तिने ते स्वतः आत लावले, वर दादाचं ड्रिल ठेवलं. अमित आला आणि दारातच थांबला. हा सगळा पसारा त्याला लहानपणापासून आवडत नसे, अगदी बापासारखाच. मला वाटलं आता चिडेल. तो पलंगावरच्या साड्या गोळा करायला लागला आणि म्हणाला, "आत्या, साड़ियों के लिए कोई थैला है क्या?"

ते गेले. घर भाड्याचं होतं, महिनाअखेरीस किल्ली द्यायची म्हणून गेल्या रविवारी मी साफसफाईला गेले. खोल्या रिकाम्या, बोललं की आवाज घुमत होता. झाडून झालं आणि फोन आला. अमितचा, व्हिडिओवर. समोर डायनिंग टेबल, त्यावर पाण्याचं पसरट भांडं, आणि वर्तमानपत्रावर फुटलेल्या शिंपल्यांचा ढीग. दिवसभर कोणी काही केलं तरी मम्मी जेवत नव्हती, म्हणून त्याने डबे उघडले होते. बाजूला वहिनी, खुर्चीत ताठ बसलेली.

"आत्या, सब टूट रहे हैं," तो म्हणाला. "पापा छेद अंदर से करते थे या बाहर से?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी दादासमोर बसून चहा प्यायले, त्याने किती शिंपले तसे धरले असतील, आणि मी एकदाही बघितलं नव्हतं. मी म्हणाले, नाही रे बाळा, मला नाही सांगता येणार. तो मान खाली घालून दुसरा शिंपला उचलू लागला. तेवढ्यात पडद्याच्या कडेने वहिनीचा डावा हात पुढे आला. तिने त्याच्या बोटांतला शिंपला हळूच पालथा केला, त्याचा अंगठा धरून एका जागी आणून ठेवला आणि वरून दाबून धरला. ड्रिल फिरायला लागलं आणि मी फोनवर आहे हे दोघंही विसरले. मी थोडा वेळ बघितलं आणि हळूच फोन बंद केला.

मग मी फरशी पुसायला घेतली. खिडकीजवळ, जिथे त्याची खुर्ची असे, तिथल्या फटींमध्ये पांढरं काहीतरी बसलं आहे. इतक्या वर्षांचं थाळीतलं पाणी सांडून सांडून शिंपल्याची पूड तिथे मुरली असावी. पुसलं की जायचं आणि वाळलं की परत वर यायचं. मी दोनदा पुसलं. घरमालकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, दीदी, राहू द्या, नवे भाडेकरू येतील तेव्हा ॲसिड टाकून काढू. मी हो म्हणाले. फडकं पिळून गच्चीवर वाळत घातलं, आणि त्या फटींजवळ भिंतीला टेकून, ऊन तिथून सरकेपर्यंत बसून राहिले.