चाळीसातले अठ्ठावीस

मुक्ताबाई कुंभारीण कसब्यात राहायची. कात्रजच्या तळ्याचं पाणी शहरात खेळू लागलं होतं, तो काळ. नवरा गेल्यावर दीर सोनबाच्या बरोबरीने ती काम बघायची. चाक बाईने फिरवायचं नाही, म्हणून तिच्या वाट्याला माती तुडवणं, भाजायचा आवा रचणं आणि पारख. बोटाने टिचकी मारली की मडक्यात चीर आहे का, हे तिला आवाजावरून कळे.

त्या वर्षी एका पेठेतल्या हौदासाठी खापरी नळ हवे होते, सहाशे चांगले. सोनबाने आठशे भाजले. पण आवा पोटातून अजून तापलेला होता, निवून पुरता उतरायला तीन दिवस लागणार होते. नळ पुरायचा चर खणून तयार होता आणि कामावरच्या कारकून श्रीधरपंतांना आकडा उद्याच हवा होता. आकडा कमी पडला तर काम हडपसरच्या कुंभारांकडे जाणार.

सोनबाने आव्याला वर, मध्ये, खाली भोकं पाडून चाळीस नळ ओढून काढले आणि दिवसभर पाण्यात ठेवले. आठ कच्चे निघाले, कडा विरघळून त्यांचा चिखल झाला.

"पाचात एक गेला. उरले चार. आठशेत सहाशे चाळीस," सोनबा खुशीत म्हणाला आणि तसाच पंतांना आकडा सांगून आला. येताना सांगितलं, "उद्या सकाळी खंडोबापुढं बेलभंडार उचलून आकडा सांगायचाय."

बेलभंडार उचलून खोटं बोललेलं घर धड राहत नाही, हे मुक्ताबाई लहानपणापासून मानत आली होती. तिने उरलेले बत्तीस नळ पुसून समोर घेतले आणि एकेक वाजवला. चार बद्द बोलले.

"भावोजी, ह्यांच्यात चीर हाय."

"विरघळले न्हाईत ना? मग चांगलेच."

"कच्चा न्हाई म्हंजे चांगला, आसं कुठं? आठ कच्चे, चार चिरलेले. चाळीसात बारा वाईट. दहात तीन. आता आव्यात हात घातला तर चांगला हाताशी यायची आशा दहात सातच. आठशेत पाचशे साठ."

सोनबाने चिरलेला एक नळ उचलून न्याहाळला. मग म्हणाला, "वहिनी, तुमचा कान जरा कमी चालला असता तर काय बिघडलं असतं?"

"आकडा तुम्ही बदला, न्हाईतर मी बदलते."

"मी दिलाय. मला न्हाई बदलता येत."

सकाळी देवळात मुक्ताबाई पदर सावरून स्वतः पुढे झाली आणि पाचशे साठचा आकडा सांगितला. पंतांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"काल सहाशे चाळीस, आज पाचशे साठ. रात्रीत ऐंशी नळ उंदरांनी खाल्ले वाटतं?"

"काल मोजायला चुकलं, पंत."

"बरं. मग उचला भंडार आणि म्हणा, पाचशे साठ."

तिने हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. सोनबा खांबाआड उभा होता. सगळा आवा तिने कुठे पाहिला होता? साडेपाचशेही निघतील, पावणेसहाशेही निघतील.

"तेवढं न्हाई म्हणवत. आकडा अंदाजाचा हाय."

"बाई, अंदाजाची शपथ होत नसते."

"मग मी डोळ्यांनी बघितलं तेवढंच उचलते. चाळीस काढले, अठ्ठावीस चांगले. बाकीचं तुम्ही मांडा."

तिने बेल आणि भंडार ओंजळीत घेतला, तेवढंच म्हणाली. पंतांनी बोटांवर मांडणी केली. उत्तर तेच आलं. सहाशेला चाळीस कमी.

"हडपसरला सांगावा धाडा," ते शिपायाला म्हणाले. मग जरा थांबून, "ह्यांचे निघतील ते घेऊ. पुढच्या हौदाचं बघू नंतर."

सोनबा तिच्यासाठी न थांबता निघून गेला. ओंजळीतला भंडार कुठे ठेवावा, ते मुक्ताबाईला सुचेना. तिने तो कपाळाला लावला, उरलेला देवापुढे ठेवला आणि एकटीच घराकडे चालू लागली. आवा अजून उतरायचा होता.