तुराब-आकांचं घर विकणे आहे

आमच्या ताश्कंदच्या मोहल्ल्यात एखाद्या दिवशी तुराब-आका कुणावर ओरडले नाहीत, तर बायका काळजीने त्यांच्या घरी गरम सूप पाठवायच्या. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत कवायत शिकवली. माणूस निवृत्त झाला, आवाज अजून नोकरीत आहे. त्यांची आणि माझी भिंत एकच होती. मला गजराचं घड्याळ कधी लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र या रागाला कारण मिळालं. त्यांच्या बायकोचे, हनिफा-ओपांचे, गुडघे आधीच गेले होते. आमच्याकडे संडास अंगणाच्या पार त्या टोकाला. हिवाळ्यात मधल्या फरशीवर बर्फ धरतो. त्या जानेवारीत ओपा दोनदा पडल्या होत्या. म्हणून लेकीच्या जवळ तळमजल्यावरचा एक उबदार फ्लॅट बघून ठेवला होता. त्याचा मालक ऑक्टोबर अखेरपर्यंत थांबणार होता, पुढे एक दिवस नाही. त्याआधी हे घर विकायला हवं. तेव्हा बाहोदिर नावाचा दलाल घरात शिरला.

"आका," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त हसायचं."

"का? मी काय दात विकतोय?"

गिऱ्हाइकाने छपराकडे नुसतं बघितलं, तरी आका शिडी लावून ते कुठे गळतं ते दाखवायचे. मग चहा आणि चहाबरोबर उलटतपासणी. "मुलं किती? आई कुणाकडे असते? धाकट्याकडे? का बरं, तुमच्याकडे काय झालं तिला?" एकाने मोटारींचं गॅरेज टाकायचं म्हटलं. तो बूट हातात घेऊनच गल्लीत आला.

बाहोदिरने कपाळ धरलं. "आका, घर विकताय की मुलगी देताय?"

"मुलीचं नाही जमलं तर ती माहेरी येते. भिंतीपलीकडचा हा साबिर कुठे जाईल?"

साबिर म्हणजे मी. माझा ऊर भरून आला.

असं करत नऊ गिऱ्हाइकं गेली, सप्टेंबर गेला. शेवटी बाहोदिरने डाव टाकला. गल्लीच्या तोंडाशी एका घरात लग्न होतं. लग्नाचा पुलाव पुरुषांनी पहाटेच्या नमाजानंतर जाऊन खायचा, त्या वेळी मोहल्ल्यातल्या एकाही घरात पुरुष सापडत नाही. नेमकी तीच वेळ त्याने दहाव्या गिऱ्हाइकाला दिली आणि स्वतः आधीच येऊन ओपांपाशी गरिबासारखा बसला.

हुशार पोरगा, पण वाढला सात मजली इमारतीत. लग्नाच्या दारावरून परका माणूस उपाशी पुढे कसा जाईल? यजमान छातीवर हात ठेवून रस्त्यातच उभे होते. तो बिचारा "अहो, मला पुढच्या घरी जायचंय" म्हणतोय, आणि तिघा दाढीवाल्यांनी त्याला दंडाला धरून आत आणलं आणि मोकळी जागा दिसली तिथे बसवलं. ती जागा तुराब-आकांसमोर होती. एका ताटात दोघं, अशी आमची पद्धत. तो आकांच्या ताटाचा वाटेकरी झाला. मी बाजूलाच होतो.

चार घास गेल्यावर माणूस खुलला. "इथलं एक घर घेतोय. पाडून तीन मजली लॉज काढणार. अंगणबिंगण काही ठेवत नाही. म्हातारा चक्रम आहे म्हणे, पण दलाल म्हणाला, या वेळी तो घरी नसतो."

मी आकांकडे बघितलं. पण ज्याच्याबरोबर एका ताटात जेवतोय त्याच्यावर ओरडणार कसं? आका लालबुंद झाले. त्यांनी मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "घ्या ना." इतकं हळू म्हणाले, की मला घाम फुटला.

दुवा झाली, चेहऱ्यांवरून तळहात फिरले आणि आका उठून तडक घराकडे निघाले. मी मागे धावलो.

"चोरा!" अंगणात पाय पडायच्या आत बाहोदिरवर सुरुवात झाली. "तीन मजले? साबिरच्या अंगणात ऊन काय तू किटलीने ओतणार आहेस?"

आता बाहोदिरही पेटला. "तीन महिने चपला झिजवतोय मी! एक माणूस टिकू देत नाही तुम्ही! शेजाऱ्याचं ऊन दिसतं, ओपांचे गुडघे नाही दिसत?"

आकांनी उगारलेला हात खाली घेतला. तेवढ्यात बाजेवरून काठी दाणकन आपटली. हनिफा-ओपांचा चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"तू खोटारडा आहेस, चालता हो! आणि अहो, तुम्ही! घर विकायच्या आधी भिंतीच्या शेजाऱ्याला विचारावं, ही रीत जगाला शिकवता. साबिरला विचारलंत?"

"हा? हा दोन घरं घेऊन काय करणार?"

"विचारलंत का?"

आका माझ्याकडे वळले. "घेतोस?"

"माझा भाऊ घेईल," मी म्हणालो. "जमशेद. चार मुलं घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. जूनपासून तयारी आहे त्याची."

"जूनपासून?"

मी जमिनीकडे बघितलं. आमच्यात शेजाऱ्याचं घर आपण होऊन मागत नाहीत, 'निघताय कधी?' असं विचारल्यासारखं होतं ते. त्यांनी विचारायचं, मग आपण बोलायचं. मी वाट बघत राहिलो होतो.

ऑक्टोबरच्या वीस तारखेला सामान निघालं. आका हमालांवर ओरडले, ड्रायव्हरवर ओरडले, जमशेदला द्राक्षाचा वेल कसा छाटायचा हे ओरडून सांगितलं. लेकीने ओपांना गाडीत बसवलं. मग आका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"ती रोज संडासापर्यंत ही भिंत धरत जायची," ते म्हणाले. "तुला ऐकू यायचं ना रे पलीकडे?"

यायचं.